चौऱ्याऐंशी मिलिमीटरची बाई

१

“अंकल, आय ॲम रिअली सॉरी,” आन्या म्हणाली, “पण हे ते मेडल नाहीये.”

न्यूयॉर्कमधल्या एका म्युझियमच्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. आन्या तिथली असिस्टंट क्युरेटर. आईवडील डोंबिवलीचे, ही जन्मली इथे, त्यामुळे मराठी वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबायची. दुसरे डॉक्टर कुमार देशकर, वय त्र्याऐंशी, पार्सिपनीचे निवृत्त हृदयतज्ज्ञ. तिसरी मी, पद्मिनी, ड्रायव्हर म्हणून आलेली. डॉक्टरांचे डोळे आणि हृदय दोन्ही इतकी अधू झाली होती की त्यांना गाडी चालवू देणं म्हणजे टर्नपाइकवरच्या लोकांवर अन्याय.

टेबलावर मखमलीच्या उशीवर ब्राँझचं गोल मेडल होतं. पंधराव्या शतकातलं, इटलीचं. पुढच्या बाजूला एका बाईचा चेहरा, एका अंगाने दिसणारा, केसांवर जाळी. मागच्या बाजूला विहिरीवर वाकलेलं झाड. बाईचं नाव बियान्का. कुठल्याशा गावच्या सरदाराची बायको, सव्विसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. नवऱ्याने तिचा चेहरा ब्राँझमधे ओतून घेतला आणि त्याच्या प्रती मित्रांना, व्याह्यांना, शेजारच्या राजांना पाठवल्या. ऐपतदार लोकांची तेव्हा ती पद्धतच होती. आपण कोण हे जगाला कळावं आणि मेल्यावर कोणी विसरू नये, दोन्ही कामं एकाच वस्तूत. हे मला तोंडपाठ आहे, कारण डॉक्टरांकडे जेवायला गेलं की श्रीखंडाबरोबर हे लेक्चर वाढलं जायचंच.

आन्याने मेडलला कॅलिपर लावला. “तुमच्या एटी-सेव्हनच्या ऑक्शन कॅटलॉगमधे डायमीटर चौऱ्याऐंशी मिलिमीटर आहे. हे भरतंय ब्याऐंशी पॉइंट सात. ओरिजिनलचा छाप घेऊन नवीन ब्राँझ ओतलं ना, की गार होताना ते श्रिंक होतं. म्हणून कॉपी ऑलवेज लहान येते.”

“मोजणाऱ्याची चूक असेल,” डॉक्टर म्हणाले.

“मी तीनदा मोजलं, अंकल. अक्षरांच्या कडापण बघा, सॉफ्ट झाल्यात. कॅटलॉगमधल्या फोटोत त्या शार्प आहेत. म्हणजे ओरिजिनल तुमच्याकडे नक्की होतं. समवन स्विच्ड इट.”

डॉक्टरांनी अक्षरांच्या कडांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मेडलबद्दल नाही, वेगळंच विचारलं.

“मग वसुधाच्या नावाचं काय?”

२

वसुधा ही डॉक्टरांची बायको आणि माझी एक्केचाळीस वर्षांची मैत्रीण. सव्वा वर्षापूर्वी गेली. मेडल म्युझियमला द्यायचं आणि खाली पाटी लागायची, ‘वसुधा देशकर हिच्या स्मरणार्थ’. एप्रिलमधे कमिटी बसणार होती. डॉक्टरांच्या डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यापर्यंतचा वेळ दिला होता, त्यामुळे सगळं कसं अगदी बेतात बसत होतं.

आपली माणसं जळतात, त्यामुळे या देशात आपल्या नावाचा दगडही उरत नाही. वसुधाचं नाव कुठेच नव्हतं. डॉक्टरांच्या नावाची हॉस्पिटलात पाटी आहे, मंडळाच्या हॉलमधे तसबीर आहे. वसुधाने चाळीस वर्षं मंडळाच्या पंगतींची भाजी केली, तिची पाटी कोण लावणार? डॉक्टरांनी जन्मभर बियान्काकडे जितकं पाहिलं त्याच्या चौथाईनेही बायकोकडे पाहिलं नाही, हे त्यांना ती गेल्यावर कळलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं हे खरं. ती पाटी म्हणजे त्यांनी मागितलेली माफी होती.

परतताना टर्नपाइकवर ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही इन्शुरन्समधे तीस वर्षं खोटे क्लेम पकडलेत. हा चोर पकडून द्या. मेडल परत आलं तर एप्रिल अजून हातात आहे.”

“मेडलच्या कपाटाची किल्ली कुठे असते?”

“माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधे. म्हणजे चोर घरातलाच.”

“नावं घ्या.”

“अनिश,” ते म्हणाले. पोटच्या मुलाचं नाव त्यांनी इतक्या पटकन घेतलं की मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. “प्रीता. सुनेनेच तर घर आवरलं वसुधा गेल्यावर. आणि घरी येणंजाणं असलेला यतीन. तो फाउंड्रीवाला. ब्राँझ ओतणं आपल्यात आणखी कोणाला येतं?”

३

अनिश आणि प्रीता अल्फारेटाहून आठवड्यासाठी आलेच होते. मी स्वयंपाकघरात बसून चहा मागितला. तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, माणूस चहा करताना कमी खोटं बोलतो.

“मावशी, सीरियसली? बाबांना आम्ही चोर वाटतो?” अनिश म्हणाला. “लहानपणी त्या कपाटाला हात लावला म्हणून मला थप्पड बसलीये. ती बियान्का माझी सावत्र आई होती, यार. मला ती फुकट दिली तरी नको.”

“तुझ्या आईला काय वाटायचं मेडलबद्दल?”

“आई कधीच काही म्हणाली नाही. बाबा लेक्चर द्यायला लागले की ती किचनमधे जायची. एकदा मात्र हसत होती, एकटीच. मी विचारलं तर म्हणाली, तुझ्या बाबांना सगळं दिसतं.”

प्रीताने कप माझ्यापुढे ठेवला. “मी फक्त आईंच्या साड्या आणि हे किचन आवरलं, मावशी. बाबांच्या स्टडीत पाऊलही नाही टाकलं. देवांचं, अस्थींचं, सगळं बाबांनी स्वतः केलं. पॉइंट प्लेझंटहून बोट केली, तीन मैल आत गेलो, तिथेही कोणाला काही करू दिलं नाही.”

“ही वॉन्टेड टु बी अलोन विथ हर,” अनिश म्हणाला. “फॉर वन्स.”

दोघंही खरं बोलत होती असं मला वाटलं, पण नुसत्या वाटण्यावर क्लेम पास होत नसतात. मी स्टडीत गेले. मेडलची अक्रोडाच्या लाकडाची पेटी टेबलावर उघडी होती. आत मखमल लावलेली गोल खोबण, आणि खोबणीच्या कडेने फेल्टची बारीक पट्टी चिकटवलेली. पट्टीचा रंग मखमलीपेक्षा वेगळा होता.

“ही पट्टी कोणी लावली, डॉक्टर?”

“मीच. पेटी मापाने करून घेतली होती, मेडल घट्ट बसायचं. मग मखमल झिजली आणि ते खुळखुळायला लागलं.”

“मखमल झिजली,” मी म्हणाले. “कधी?”

“आई शेवटची इथे येऊन गेली ना, त्या हिवाळ्यात. पंच्याण्णव साली. ती परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात मी पट्टी लावली.”

त्या ‘झिजलेल्या’ मखमलीवर मी बोट फिरवलं. ती कुठेही झिजलेली नव्हती, म्हणजे मेडलच तेव्हा लहान झालं होतं. पंच्याण्णव साली अनिश बारा वर्षांचा होता आणि प्रीता सांगलीत शाळेत जात होती. तीस वर्षं डॉक्टर पाहुण्यांना नक्कल दाखवून अस्सल कसं ओळखावं हे शिकवत होते. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही. आता यादीत एकच नाव उरलं होतं.

४

यतीन कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ब्याण्णव साली इथे आला. रॉकअवेला त्याचं मशीन शॉप आहे आणि घरच्या गॅरेजमधे छोटी भट्टी. मंडळाच्या गणपतीची पितळी प्रभावळ त्यानेच ओतलेली. मी पेटीतली नक्कल त्याच्या बाकावर ठेवली.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “चहा घेणार, पद्मिनीताई?”

“न बघताच चहा? एवढ्या सुंदर बाईकडे?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. यतीन स्टुलावर बसला आणि त्याने चष्मा काढला. “वहिनींनी शपथ घातली होती. त्या गेल्या तरी शपथ आहेच की.”

“वसुधाच्या नावाची पाटी अडली आहे, यतीन.”

त्यावर तो बोलला. पंच्याण्णवच्या जानेवारीत वसुधा एका सकाळी इथे आली. कापडात गुंडाळलेलं मेडल तिने आणलं होतं. “चकचकीत होतं हो, ताई. नव्या तांब्यासारखं. मी डॉक्टरांकडे ते काळपट तपकिरी बघितलेलं. मला धक्काच बसला. म्हटलं वहिनी, काय केलंत हे? त्या म्हणाल्या, विचारू नका, याच्यासारखं दुसरं करून द्या, पहिल्यासारखं काळं.”

“मग तू म्हणाला नाहीस, हेच काळं करून देतो म्हणून?”

“म्हणालो तर! अर्ध्या तासाचं काम. त्या म्हणाल्या, नाही, हे परत जायला हवं.”

“परत? कुठे?”

“ते सांगितलं नाही. दोन तासांत परत न्यायचंय, एवढंच. नाहीतर सासूबाई उपाशी राहतील.” यतीनने कपाळ चोळलं. “मी वाळूत छाप घेतला. नेहमी आपण पॅटर्न, म्हणजे छापाचा नमुना, थोडा मोठा धरतो, धातू आकसतो म्हणून. इथे मेडलच पॅटर्न. मोठा कुठून धरणार? मी सांगितलं, किंचित लहान होईल. त्या म्हणाल्या, ते मोजणार नाहीत.”

“आणखी काय आठवतंय? काहीही.”

“मेडल खाली ठेवू देत नव्हत्या. मी जमिनीवर ठेवायला गेलो तर हात धरला माझा. बाईच्या केसांच्या जाळीत लाल काहीतरी होतं, ते मी ब्रशने काढलं तर त्यांना आवडलं नाही. आणि ताई, त्या अनवाणी होत्या. जानेवारीत, या सिमेंटवर. बूट त्या दारापाशी काढून ठेवले होते.”

तो खोटं बोलत नव्हता. कोणी इतकं विचित्र खोटं बोलत नाही. पण मग वसुधाने खरं मेडल दिलं तरी कोणाला?

५

घरी आले, कुलूप उघडलं आणि सवयीने दाराबाहेरच बूट काढले. एक बूट हातात तसाच राहिला.

आपण अनवाणी कशापुढे उभे राहतो? जमिनीवर काय ठेवत नाही? कोणती गोष्ट जागेवर नसेल तर जुनी बाई अन्नाला शिवत नाही?

डॉक्टरांच्या आई नागपूरच्या. त्यांच्या देव्हाऱ्यात घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे टाक असत, म्हणजे चेहरा उठवलेले धातूचे पत्रे. कोणी अकाली गेलं की त्याचा टाक करायचा, देवात बसवायचा आणि रोज गंधफूल वाहायचं. पंच्याण्णवच्या हिवाळ्यात डॉक्टर दोन आठवडे व्हिएन्नाला कॉन्फरन्सला होते. म्हातारीने कपाटात काय पाहिलं? गोल धातू, त्यावर बाईचा चेहरा, काळवंडलेला, ना गंध ना फूल. घरातली कोणीतरी गेलेली बाई मुलाने कपाटात कोंडून ठेवली आहे असंच तिला वाटलं असणार. आणि बियान्का अकाली गेलेलीच होती की! चेहरा कशासाठी घडवला होता ते म्हातारीला बरोबर कळलं, फक्त माणसं चुकली. तिने चिंचेने घासून लख्ख केलं, कुंकू लावलं, देवात बसवलं. पाचशे वर्षांचा रंग दहा मिनिटांत गेला. आणि देवात बसवलेलं पुन्हा शोकेसमधे ठेवायचं नसतं. शोकेसमधे नवऱ्याचं मेडल आणि देव्हाऱ्यात सासूचा टाक, एकाच वस्तूने दोन्ही कसं भागणार? वसुधाने एकाच्या दोन केल्या. सासू गेली तरी वसुधा देव्हाऱ्यातली अस्सल तशीच पुजत राहिली.

पायरीवर बसून मी हसले, आणि मग रडले. कारण मी ते पाहिलं होतं. दर जानेवारीत वसुधाकडे हळदीकुंकवाला गेले की देव्हाऱ्यापुढे वाकायची. शेवंतीच्या खाली गोल, चकचकीत, बाईचा चेहरा असायचा. मला वाटायचं देशकरांची कुलदेवी. अठ्ठावीस वर्षं मी इटलीतल्या सरदाराच्या बायकोला हात जोडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते डॉक्टरांना लागू होतंच, पण चोर पकडणाऱ्या मलाही.

तरीही त्या क्षणी मला आनंद झाला होता, हे लिहून ठेवते. मेडल घरातच होतं. रंग गेलेलं का असेना, अस्सल होतं. आन्या ते घेईल, पाटी लागेल. मी प्रीताला फोन लावला.

“देव्हाऱ्यातले देव कुठे आहेत गं?”



“मावशी, मी म्हटलं ना. देवांचं बाबांनी स्वतः केलं.”

“म्हणजे काय केलं?”

“बोटीवर, मावशी. अस्थींबरोबर.”

६

डॉक्टर स्टडीत खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, फेल्टच्या पट्टीपासून अनवाणी पायांपर्यंत, एकेक पायरी. क्लेम नाकारताना सांगायची तसं, आवाज न बदलता. त्यांनी मधे एकदाच अडवलं.

“पुरावा काय?”

“तुम्ही अस्थींबरोबर काय सोडलंत?”

“लाल कापडाचं गाठोडं. तिचे देव. जड होतं. मला वाटलं, पितळी देव जडच असणार.”

“उघडलं नाहीत?”

“कशाला उघडू? मी चाळीस वर्षांत देवाच्या खोलीत गेलो नव्हतो, वहिनी. मला त्यातलं काही कळत नाही. म्हटलं, तिचे देव तिच्याबरोबर जाऊ देत. मला वाटलं, आज मी पहिल्यांदा तिच्या मनासारखं काहीतरी करतोय.”

किनाऱ्यापासून तीन मैल. नक्की जागा बोटवाल्यालाही सांगता आली नसती. मी येतानाच आन्याशी बोलून घेतलं होतं. तिने नम्रपणे सांगितलं की नव्वदच्या दशकातली गॅरेजमधली प्रत म्युझियम घेऊ शकत नाही, आणि नसलेल्या वस्तूखाली पाटी लावता येत नाही.

“तिने मला सांगितलं का नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

मला राग आला. मेलेल्या मैत्रिणीच्या वाटणीचा राग मला आला. “सांगितलं असतं तर तुम्ही आईंना त्याच संध्याकाळच्या विमानात बसवलं असतंत. आणि वसुधाला जन्मभर ऐकवलं असतंत.”

ते नाही म्हणाले नाहीत.

मग मला त्यांची दया आली आणि मी जे बोलू नये ते बोलले. “तुम्हीच सांगायचात ना डॉक्टर, तिकडे थडग्यातसुद्धा मेडल ठेवायचे म्हणून? मग असं समजा की...”

“समजायचं काही नाही, वहिनी. ते मेडल मेलेल्याचं स्वतःचं असायचं. माझ्या बायकोजवळ मी दुसऱ्याच बाईचा चेहरा ठेवून आलो.”

खाली अनिश आणि प्रीता बॅगा भरत होते. बापाने आपलं नाव चोरांच्या यादीत पहिलं घेतलं हे अनिशला कोणीतरी सांगितलं होतं. मी नव्हतं सांगितलं, म्हणजे डॉक्टरांनी स्वतःच. तो वर आला नाही. माफी मागायला डॉक्टरांना जिना उतरावा लागला असता, आणि म्युझियमच्या त्या खेपेनंतर जिना उतरणं त्यांना जमत नव्हतं. मी खाली जाऊन दोन वेळा अनिशला बोलावलं. “नेक्स्ट टाइम, मावशी,” तो म्हणाला. नेक्स्ट टाइम नाही हे त्यालाही माहीत होतं. गाडी निघाल्याचा आवाज आम्ही दोघांनी वर बसून ऐकला.

डॉक्टरांनी नक्कल हातात घेतली. त्यांना ती दिसत नव्हतीच, ते बोटांनी चाचपत होते. “इथे हनुवटीखाली एक घडी आहे,” ते म्हणाले. “आणि इथे, कानाच्या पुढे, केसांची एक बट जाळीतून सुटली आहे. मी डोळे मिटून ही बाई काढू शकतो.”

त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली.

“वहिनी, वसुधाच्या गालावर तीळ होता. कुठल्या बाजूला होता हो?”

एक्केचाळीस वर्षं मी तिच्यासमोर बसून चहा प्यायले होते. शेवटच्या दिवशी तिचं तोंड ओल्या कापडाने मीच पुसलं होतं. मी डोळे मिटले. तीळ दिसत होता, बाजू दिसत नव्हती.

“डावीकडे,” मी म्हणाले.

“मला उजवीकडे वाटत होता.”

“असेल.”

माझा फोन टेबलावर होता, त्यांचा खुर्चीच्या हातावर. दोन्हींत तिचे शेकडो फोटो होते, दोन सेकंदांत कळलं असतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो आणि दोघांपैकी कोणीही फोनला हात लावला नाही.